मागचं अजून थोडं मऊ

ओट्यावरून दुधाच्या पातेल्यावरचं झाकण घसरलं आणि फरशीवर कडेवर उभं राहून गरगरायला लागलं. नुसतं ठण्णकन पडून थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं; पण हे झाकण पडून गप्प बसणाऱ्यातलं नव्हतं. आधी सावकाश, मोठाले हेलकावे घेत, मग भरभर, मग आणखी भरभर, शेवटी नुसतीच एक थरथर, आणि त्या थरथरीच्या टोकाला एकदम काहीच नाही. तिचा हात माउसवर तसाच राहिला. श्वाससुद्धा अर्धाच घेतला होता, तो उरलेला घ्यायचा की नाही या विचारात ती बसून राहिली. आतल्या खोलीत ठमीनं कूस बदलली. पलंगाची फळी एकदा वाजली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणं झालं, मग पुन्हा शांत. लेकीची ही दुपारची झोप म्हणजे तिच्या दिवसातला एकुलता एक चोरीचा ऐवज. ऑफिसचं काम, थंड झालेला चहा, स्वतःशी दोन शब्द, सगळं त्यातच उरकायचं. "पडलं गं," स्वयंपाकघरातून ताई कुजबुजल्या, आणि ती कुजबूज झाकणाहून मोठी होती. "उठली का गं ती?" त्याहून मोठ्यानं. "नाही उठली," असं ओरडून सांगण्यात अर्थ नव्हता, आणि दातांवर दात घट्ट बसले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आज सकाळपासून ते तसेच बसलेले आहेत.

ताई म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. ठमीच्या जन्माच्या आधी केव्हातरी त्या आपलं सासर सोडून, एक शिलाई मशीन आणि दोन पिशव्या घेऊन आल्या. "चार दिवस राहते" म्हणाल्या, आणि ते चार दिवस अजून संपले नव्हते. हॉल आणि खोली यांच्या मधल्या बोळात त्यांचं मशीन होतं, तिथंच त्यांची गादी, तिथंच भिंतीला टेकवलेला कापड बेतायचा फळा, आणि वर दिवसाउजेडीही जळणारी एक ट्यूब. त्या बोळातून जाताना अंग चोरून जावं लागे. कणकेत दोरा निघे, अंथरुणात खडूचा तुकडा निघे, आणि एकदा ठमीच्या तळपायातून टाचणी निघाली होती. चिडायचं म्हटलं तर चिडता येण्यासारखं सगळं होतं, पण चिडायचं कुणावर? तान्ह्या ठमीला पोटावर पालथी घालून तासन् तास थोपटत बसणाऱ्या ताईच, ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना दार लोटून बाहेरून कडी घालणाऱ्या ताईच. असल्या माणसावर रागवायचं तर आधी परवानगी काढावी लागते. मशीनवर वाकून वाकून ताईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला असे, आणि सुईत दोरा ओवायला त्या ट्यूबच्या खाली, तोंड वर करून, चातकासारख्या उभ्या राहत. "उजेड नाही गं या घरात," त्या म्हणत. तक्रार म्हणून नाही. हवा-पाण्यावर बोलतो तसं. पण ते तिला लागायचंच. घर तिचं होतं ना.

पडद्यावर एक खोली होती, आणि ती खोली जगात कुठंच नव्हती. हेच तिचं काम. ज्या इमारती अजून जमिनीतून वर आल्या नाहीत त्यांच्या आतली छायाचित्रं तयार करायची: पलंग, पलंगावरची चुरगळलेली चादर, चादरीवर उलटं ठेवलेलं पुस्तक, उशाशी कपाट, कपाटाला आरसा, समोर खिडकी. सगळं कॉम्प्युटरमध्ये गवंड्यासारखं रचायचं आणि मग असं दाखवायचं की कुणीतरी कॅमेरा घेऊन तिथं गेलं होतं. गंमत अशी की कॉम्प्युटरला डोळा नसतो. माणसाचा डोळा काय, कॅमेऱ्याचं भिंग काय, एका वेळी एकाच अंतराला नीट न्याय देतं. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं हळूहळू विरघळत जातं. कॉम्प्युटरला मात्र जवळचं आणि लांबचं सारखंच लाडकं. उशीची शिवण आणि क्षितिजावरची पाण्याची टाकी त्याच्याकडे एकाच धारेनं कापल्यासारखी येतात. बघणाऱ्याला काय खुपतंय ते सांगता येत नाही, पण खुपतं. म्हणून मग धूसरपणा वरून घालावा लागतो, आणि किती घालायचा यातच सगळी मेख. कमी पडला तर चित्र मेलेलं. जास्त झाला तर आख्खी खोली खेळण्यातली वाटते, कारण इतकं धूसर फक्त काडेपेटीएवढी वस्तू नाकाशी धरून फोटो काढला तरच होतं. हे तिला कळायचं. ज्यांच्या हातात तिची नोकरी होती त्यांना कळत नव्हतं. ऑफिसात साहेबांना सगळे पाठीमागे 'अजूनथोडं' म्हणत. चित्र कसलंही असो, कितीही झालेलं असो, साहेब खुर्चीवर मागे रेलत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "छान. मागचं अजून थोडं मऊ कर." आताही पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचा निरोप लुकलुकत होता. चित्र मोठं करून रस्त्यावरच्या फलकासाठी छापायला जाणार होतं. मागचं अजून थोडं मऊ.

ताई चहाचा कप घेऊन आल्या, आणि दुसऱ्या हातात घडी घातलेला चकचकीत कागद. चेहऱ्यावर असं हसू, की लहानपणी भावाच्या दप्तरात बेडूक लपवून ठेवला असेल तेव्हा असंच हसल्या असतील. "आम्ही दोघं बहीण-भाऊ मुद्दाम बोललो नव्हतो तुला," त्या म्हणाल्या. "रविवारचं भाजी आणायला जातो म्हणून जायचो ना, ते भाजीला नव्हतो जात." "मग भाजी कुठून यायची?" तिनं विचारलं. "येताना आणायचो. ते राहू दे. घर बघितलं मी. एक खोली, पुढं छोटा हॉल. लहानसंच आहे, पण माझं मला. संध्याकाळी सही करायला जायचंय. तो ऑफिसातून परस्पर खाली येतो म्हणालाय." आणि घडी उलगडून कागद त्यांनी कीबोर्डवर पसरला. ती बघतच राहिली. कागदावर पलंग होता. चुरगळलेली चादर, उलटं ठेवलेलं पुस्तक, खिडकी. पडद्यावर जे होतं तेच कागदावर होतं, आणि दोन्हीच्या मधे ताईंचं बोट, सुईनं खरबरीत झालेलं, खिडकीवर टेकलेलं. "तुझंच आहे ना? तो म्हणाला, हिच्या ऑफिसनं केलंय. मी म्हटलं मग बघायचं काय आणखी. डोळे झाकून घ्यायचं."

कामात तिच्यासाठी त्या इमारतीला नाव नव्हतं, फाईलचा एक नंबर होता. ती कुठली इमारत हे तिला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण तिला आत्ता जी चीड आली ती कुणाची आणि कशाबद्दल, हे नीट वेगळं करता येईना. भावाबहिणीच्या गुपिताची? आपल्याच हातच्या कागदाचा वास आपल्याच घरात यावा याची? "जागेवर गेला होता का?" तिनं विचारलं. "गेलो होतो की. पत्रे लावलेत सगळीकडून. आत सोडत नाहीत, डोक्याला टोपी लागते म्हणे ती प्लास्टिकची. मी म्हटलं द्या की मग, तर म्हणे तुमच्यासाठी नाहीये." ताई हसल्या. "तू हे बघ. ठमीला तर दाखवून झालंय, आत्या इथं राहायला जाणार म्हणून. इथं मशीन ठेवणार. अगदी खिडकीला लागून. पलंग मी इथून काढणार, भिंतीला लावणार, पुस्तक मला नकोच. बघ की केवढा उजेड. आणि ही झाडं."

झाडं. तिनं त्या बोटाखाली पाहिलं. खिडकीबाहेर हिरवट, दुधाळ असं काहीतरी पसरलं होतं, पहाटेच्या धुक्यात बाग असावी तसं. आणि बोटाच्या जरा बाजूला, कपाटाच्या आरशात, तिला भिंत दिसली. नखाएवढी. पण अगदी लख्ख. करड्या विटांचे जोड, त्यांवरून उतरलेला पाण्याचा काळा पाइप, पाइपला वर एक वाकडी पकड. खिडकीत धुकं आणि आरशात भिंत.

पहिल्यांदा तिला लाज वाटली, आणि ती भिंतीची नव्हे. नवशिक्या पोरांनी करावी तशी चूक होती ही, पहिल्या महिन्यात करून, टपली खाऊन, जन्मभर पुन्हा न करायची. धूसरपणा आणायचे दोन रस्ते असतात. एक खरा: कॉम्प्युटरला भिंगाचं गणित सगळं करायला लावायचं, प्रकाशाचा किरण न् किरण मोजू द्यायचा, त्याला वेळ लागतो आणि अजूनथोडं साहेबांना वेळ म्हटलं की पोटात दुखतं. दुसरा आखूड: चित्राच्या जोडीला एक काळंपांढरं चित्र काढायचं, नुसतं अंतराचं. जवळचं पांढरं, लांबचं काळं, मधलं करडं. मग त्या करडेपणाच्या हिशेबानं मूळ चित्र पुसत जायचं. झटपट होतं. पण आरसा आला की हे फसतं. अंतराच्या चित्राला आरसा म्हणजे कपाटाचं एक फळकूट. ते म्हणतं, हे पलंगाइतकंच जवळ आहे, हे लख्ख ठेवा. आरशातली वस्तू काचेवर नसते, काचेच्या आत तितकीच खोल असते, हे त्याला कोण सांगणार. खऱ्या कॅमेऱ्यात आरशातली भिंत खिडकीतल्या भिंतीहूनही जास्त विरघळली असती, कारण नजरेला आधी आरशापर्यंत जायचं आणि मग तिथून उलटं खिडकीबाहेर. तिला शिकवणारे म्हातारे फोटोग्राफर सांगायचे, आरशासमोर उभं राहा, आधी काचेवरचा डाग बघा, मग स्वतःचं नाक बघा. डोळ्याला जेवढं पळावं लागेल तेवढं अंतर. तिनं वर्गात सगळ्यांत आधी हे करून दाखवलं होतं. आणि आता हा कागद हजारांनी छापून गावभर वाटलेला, आणि आरशात भिंत उभी. ठमीला ताप होता तेव्हा, तिला आठवलं. एका हातानं कपाळावर ओली घडी धरून दुसऱ्या हातानं पाठवलेलं काम. तेव्हाही साहेब म्हणाले होते, छान.

भिंत खरी होती. वास्तुरचनाकाराच्या फाईलमध्ये ती होतीच: शेजारच्या गोदामाची मागची बाजू, खिडकीपासून हात लांब केला तर बोटं टेकतील की काय इतकी जवळ. पहिल्या दिवशी तिनं साहेबांना विचारलं होतं, हिचं काय करायचं. "काढायची नाही," साहेब दचकून म्हणाले होते. "काढलीस तर खोटं होईल. उद्या कुणी केस टाकली तर? भिंत जिथल्या तिथं ठेव. फक्त मऊ कर. भरपूर मऊ. आणि थोडा हिरवा हात फिरव, वातावरण म्हणून. आपण खोटं काहीच दाखवत नाही, नीट दाखवत नाही एवढंच." शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला गालातल्या गालात हसला होता. आणि ती भांडली होती, चांगली तावातावानं भांडली होती. आज तिला तेच आठवून अंगावर काटा आला. कारण ती भांडली होती भिंगावरून. एवढ्याशा खोलीत एवढ्या रुंद भिंगानं मागचं इतकं धूसर होतच नाही सर, खोली बाहुलीघर वाटेल, ज्याला कळतं तो हसेल. "ज्याला कळतं तो घर घ्यायला येत नाही," साहेब म्हणाले होते. तिला राग आला होता तो धूसरपणाच्या प्रमाणाचा. भिंतीचा विचार तिच्या डोक्यात आला नव्हता. हिरवा हात तिनं फिरवला, फक्त खिडकीपुरता, बारीक ब्रशनं, आणि मनापासून फिरवला, कुठे दाट कुठे विरळ, पानातून ऊन यावं तसा. चांगला झालाय, असंही तिला तेव्हा वाटलं होतं. आरसा तिच्या ध्यानात आला नाही एवढंच.

"काय गं, बोलत नाहीस," ताई म्हणाल्या. "आवडलं नाही?" ती म्हणाली, "ताई, खिडकीच्या बाहेर काय आहे ते विचारलंत?" "झाडं आहेत की." "ती धूसर आहेत." "लांबचं धूसरच दिसतं बाई. मला तर जवळचंही तसंच दिसतं." "नाही, म्हणजे..." तिनं सुरुवात केली, आणि तिला शब्द सापडले ते सगळे भिंगाचे. इतक्या रुंद भिंगात असं होत नाही, हे आम्ही वरून घालतो, हे अंतरावर अवलंबून असतं. ताई चष्म्यावरून तिच्याकडे मायेनं बघत होत्या, पोर शाळेतली कविता म्हणून दाखवतंय अशा. "तुला आपल्या कामात नेहमीच खोट दिसते," त्या म्हणाल्या. "ठमीची वेणीसुद्धा तीनतीनदा सोडतेस. चांगलं झालंय ते. लोकांना आवडलंय. मला आवडलंय." आणि कागदाची घडी त्यांनी जुन्या घड्यांवरूनच घातली, चारदा उलगडून मिटलेला असावा असा तो मऊ पडला होता. "चहा पी. निवतोय." एवढंच म्हणून त्या उठल्या, आणि बोळातून जाताना सवयीनं अंग चोरून गेल्या.

साधं वाक्य होतं. ताई, बाहेर भिंत आहे. तीन शब्द आणि एक हाक. ते तोंडातून का निघत नाही, हे शोधायला ती स्वतःच्या आत उतरली, आणि तिथं जे सापडलं त्यानं ती आणखीनच वैतागली. कारण 'संध्याकाळी सही' हे ऐकल्याबरोबर, भिंत दिसायच्याही आधी, तिनं मनातल्या मनात बोळ रिकामा केला होता. मशीन उचललं होतं, ट्यूब विझवली होती, तिथं एक टेबल आणून लावलं होतं, त्याच्यावर हा कॉम्प्युटर, पाठीमागे पडदा, पडद्याला आतून चिमटा. एका निमिषात. रचायची सवयच हाताला. त्या टेबलावर कुणी दोऱ्याचं रीळ ठेवणार नव्हतं. हे सगळं इतकं झटकन आणि इतकं स्पष्ट झालं होतं की आता ते खोडायचं म्हणजे कुणाच्या तरी हातातला घास काढून घेण्यासारखं वाटत होतं, आणि तो हात तिचाच. त्यात साहेब. घरून काम करायची सवलत याच प्रकल्पापुरती होती, 'बघू' या शब्दावर लटकलेली. भिंतीची गोष्ट ताईंकडून नवऱ्याकडे, नवऱ्याकडून घरं विकणाऱ्या पोराकडे, आणि तिथून साहेबांकडे पोचायला कितीसा वेळ. म्हणजे ताईंना अंधार द्यायचा आणि आपण उजेडात बसायचं. असं शब्दांत मांडलं की तिला स्वतःचीच किळस यायची. न मांडता तसंच ठेवलं, जरा मऊ करून, की चालून जायचं.

ठमी झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं, तान्ह्या बाळाला फार लांबचं दिसत नाही. आईच्या कुशीतून आईच्या तोंडापर्यंत, बस, तेवढंच. त्यापलीकडे सगळं नुसतं हललेलं, ओघळलेलं. तिला तेव्हा केवढं हसू आलं होतं. इतकी वर्षं ती भिंगांचा अभ्यास करत होती आणि हे एवढंसं भिंग आपल्या हिशेबानं जुळवूनच आलं होतं. तासन् तास ती चेहरा त्या अंतरावर धरून बसायची, मान अवघडली तरी. मागे खिडकी असे, औषधांचं टेबल असे, नवरा असे, ताई असत. ते सगळं त्या डोळ्यांत नव्हतं. मग एक दिवस, पाजता पाजता, ठमीची नजर तिच्या चेहऱ्यावरून सुटली आणि खांद्यावरून मागे गेली, आणि तिथं थांबली. तिनं वळून पाहिलं. मागे ताई उभ्या होत्या, हातात वाळलेली दुपटी, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की कुणीतरी त्यांना पहिल्यांदाच नावानं हाक मारली. तेव्हा तिला आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं? दोन्ही झालं असणार. आता आठवताना तिला फक्त दुपट्यांच्या घड्या आठवत होत्या, शिंप्याच्या हातच्या, कोपऱ्याला कोपरा.

फोन थरथरला. तिनं तो झडप घालून उचलला, वाजायच्या आत. "झोपलीये का छोटी? हळू बोलतो," साहेब नेहमीच्या आवाजात म्हणाले. "अगं, छापखान्यातला माणूस म्हणतोय आरशात डाग आहे. काळी रेघ. मोठं केल्यावर दिसतोय. काय ते?" "पाइप आहे सर." "कसला पाइप?" "भिंतीचा. भिंत आहे ती. आरशात राहिली." साहेब हसले. "एवढीशी भिंत, कुठून कुठून डोकावते बघ. बरं झालं वेळेवर दिसलं. ते पण मऊ करून टाक. हिरवं मार." तिला वाटलं, आत्ता. आत्ता म्हणावं. ती म्हणाली, "सर, माझी नणंद तिथं घर घेतेय." "अरे वा," साहेब म्हणाले, आणि मनापासून म्हणाले, हेच तर वाईट होतं. "आधी सांगायचंस. कुठल्या बाजूचं?" "हेच. चित्रातलं." "बघ," साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खरोखर हळू झाला, "घर म्हटलं की काहीतरी असतंच समोर. माझ्या समोर लिफ्टची मोटर आहे. सवय होते. तू तेवढं पाठव, तो मशीन थांबवून बसलाय." आणि फोन बंद झाला. लिफ्टची मोटर. तिला त्यांचा संतापही धड येईना. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं.

तिनं फाईल उघडली. आरशापाशी गेली, इतकं मोठं करत, की सगळा पडदा आरशानंच भरून गेला आणि भिंत तिच्यासमोर माणसाएवढी उभी राहिली. आता चूक सुधारायची तर नीट सुधारायची. हात दुसरं काही ऐकत नव्हते. तिनं आरशाला अंतराच्या चित्रातून वेगळा काढला. कॅमेऱ्यापासून आरसा, आरशापासून खिडकी, खिडकीपासून भिंत, सगळं जोडून त्याला त्याची खरी खोली दिली. आखूड रस्ता सोडला आणि तेवढ्या तुकड्यापुरतं भिंगाचं गणित पुरं करायला लावलं. चौकट ठेवली तशीच लख्ख, काचेच्या कडेचा चरा ठेवला, आणि आत, त्याच्या पलीकडे, भिंत हळूहळू सैल व्हायला लागली. आधी विटांचे जोड गेले. मग पाइप रुंदावला, फिका झाला, नुसती सावली झाला. पकड गेली. उजेडाचे कण एकमेकांत मिसळले, अगदी खऱ्या भिंगात मिसळतात तसे, कडा न कापता, ओरखडा न उमटता. मग हिरवा हात, अगदी हलका. कपाट आणि पलंगाची कड दिसेपर्यंत चित्र पुन्हा लहान करून तिनं मान मागे घेतली. सुरेख झालं होतं. म्हाताऱ्या फोटोग्राफरांनी पाहिलं असतं तर काही बोलले नसते, म्हणजे आवडलं असतं. आख्ख्या चित्रात शास्त्राला धरून एवढाच एक तुकडा होता, आणि तिनं जन्मात इतकं खरं काम केलं नव्हतं. पाठवायच्या बटणावर बाण नेऊन तिनं तो पुन्हा बाजूला केला. चहावर साय धरली होती.

"आई." ठमी दारात उभी होती, गालावर उशीची घडी उमटलेली, एका पायात मोजा. केव्हा उठली कळलंच नाही. इतका वेळ ज्या झोपेवर ती कान लावून बसली होती ती आवाज न करताच संपली होती. ठमी आली आणि न विचारता मांडीवर चढली, सगळं अंग गरम, झोपेच्या वासाचं, आणि हनुवटी टेबलाला टेकवून पडद्याकडे बघू लागली. "हे काय आहे?" "आरसा आहे." "कुणाचा?" "अजून कुणाचाच नाही." ठमीनं बोट लांब केलं. आधीचं आणि नंतरचं ताडून बघायला या कामात कीबोर्डवर एक बटण असतं. दाबलं की जुनं, पुन्हा दाबलं की नवं. काम करताना आईची करंगळी कायम त्याच्यावर असे, ठमीनं ते पाहिलं असणार. बोट टेकलं. भिंत आली. "भिंत," ठमी म्हणाली. पुन्हा टेकलं. "झाडं." पुन्हा. "भिंत." तिनं त्या हाताला धरून बाजूला करायला हवं होतं, निदान 'नको गं, कामाचं आहे' एवढं तरी म्हणायला हवं होतं. तिनं धरलं नाही. "झाडं," ठमी म्हणाली, आणि हसली. तिला खेळ सापडला होता.

बोळातून ताई आल्या. केस विंचरलेले, बाहेर जायची चप्पल हातात, म्हणजे घरात आवाज नको. खाली गाडीचा हॉर्न दोनदा हळूच वाजला. भाऊ आला होता. "उठली होय माझी बाय," ताई म्हणाल्या, आणि पापा घ्यायला वाकल्या. वाकलेल्या तशाच राहिल्या. त्यांचा चेहरा ठमीच्या चेहऱ्याला लागून, दोघींचे डोळे एकाच पडद्यावर. "भिंत," ठमीनं त्यांना शिकवलं. "आता बघ हां. झाडं." ताई कौतुकानं हसल्या. "आणि आता भिंत." हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचं काहीतरी उठून गेलं. त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला. पलंगाची कड ओळखली असावी, कपाट ओळखलं असावं. घडीचा कागद त्यांच्या पर्समधून अर्धा बाहेर डोकावत होता, तो त्यांनी न बघता चाचपला. "हे कुठलं गं?" त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात. तिनं ताईंकडे पाहिलं. इतक्या जवळून तिनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं: पापणीला चिकटलेला सुताचा एक पांढरा तंतू, कपाळावरच्या आठ्या, ट्यूबच्या उजेडात वर्षं काढल्यानं डोळ्यांभोवती आलेला पिवळेपणा. सगळं लख्ख. "ताई," ती म्हणाली. खाली पुन्हा हॉर्न वाजला. पुढचे तीन शब्द जिभेवर होते आणि ती त्यांच्याकडे ओढीनं निघालीही होती. पण ठमीचा खेळ थांबला होता, बोट बटणावर तसंच टेकलेलं होतं, आणि आईकडे मान वळवून, झोपेनं जड झालेले डोळे तिच्या चेहऱ्यावर अगदी नेमके लावून, ती विचारत होती,

"आई, आत्या तिकडे राहायला गेली की हे बटण कोण दाबणार?"